कोळशावरची बुटकी

उस्मानाबादेत त्या काळी मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सगळ्या उंच आणि ताठ. डोक्यावरचा रुमाल न काढता माणसाला आत बसता यावं अशा. राघवेंद्रराव वकिलांची मोटार तेवढी बसकी. लांबट नाक, मागं उतरत गेलेलं छप्पर, गर्द हिरवा रंग, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर सगळा कारभार. आत शिरायचं तर टोपी काढून हातात घ्यावी लागे. गावानं तिचं नाव पाडलं होतं ‘बुटकी’.

तिचं खरं नाव केस्ट्रल. रायली नावाच्या विलायती कंपनीची ती स्पोर्ट सलून. केस्ट्रल म्हणजे वाऱ्यावर एका जागी तरंगणारा लहान ससाणा. वकिलांची एकुलती एक मुलगी लीला त्यांना अण्णा म्हणे. हे अण्णा तो ससाणा भेटेल त्याला इतक्यांदा समजावून सांगत, की अदालतीतल्या चपराशालाही तो पाठ झाला होता. सिकंदराबादच्या छावणीतला एक गोरा साहेब कायमचा मायदेशी निघाला, त्याच्याकडून अण्णांनी ती लढाईच्या आदल्या साली घेतली. त्याआधी त्यांच्याकडं एक मोठी अमेरिकन सलून होती. तिलाही ते नावं ठेवत नसत.

“पण ती पालखी होती,” ते म्हणत. “आत बसलं की खाली मुरूम आहे का खडी, काही कळायचं नाही. हिच्यात पाठीच्या मणक्याला कळतं. ती वकिलासारखी, बोलायची फार. ही मुन्सफासारखी. ऐकून घेते आणि निकाल देते.”

लीला डावीकडच्या सीटवर बसून मोठी झाली. ती सीट इतकी खाली होती, की हिवाळ्यात रस्त्याकडेच्या ज्वारीची कणसं डोळ्यांच्या वर जात. समोर अक्रोडाच्या लाकडाची फळी, तीवर पांढऱ्या तबकड्यांचे काटे, आणि सगळीकडं ऊन लागलेल्या कातड्याचा वास. गियरची तऱ्हा तर जगावेगळी. स्टेअरिंगच्या मध्यावर बोटाएवढी एक दांडी होती. पुढं कुठला गियर लागणार हे आधीच ओळखून ती दांडी त्या आकड्यावर नेऊन ठेवायची, आणि प्रत्यक्ष वेळ आली की डाव्या पायानं पेडल तळापर्यंत दाबायचं. दाबताना मन चरकलं आणि पाय अर्ध्यात अडकला, तर पेडल म्हशीनं लाथ मारावी तसं उलटं येई. सोळाव्या वर्षी लीलेच्या नडगीवर त्याचे दोन वण होते. तिच्या वयाच्या गावातल्या मुलींची तेव्हा लग्नं होत होती.

आई बुटकीत एकदाच बसली होती. तुळजापूरला उतरल्यावर ती म्हणाली, “देवळाच्या पायऱ्या उतरायच्या आधीच अर्धा जीव देवीपाशी पोचला माझा.” त्यानंतर ती बुटकीला सवत म्हणू लागली. अण्णा रविवारी बादल्या घेऊन गाडी धुवायला बसले की स्वयंपाकघरातून आवाज येई, “सवतीला न्हाऊ घातलंत, आता स्वतः कधी नाहता?”

बेचाळीसच्या सुमारास पेट्रोलला कुपनं आली. बसवाल्यांनी आपल्या गाड्यांना कोळशाचे बंब बसवून घेतले. मागं माणसाएवढा लोखंडी बंब, त्यात बाभळीचा कोळसा पेटवायचा, हातभात्यानं फुलवायचा, आणि त्याचा वायू नळीनं इंजिनात न्यायचा. गाडी चालायची, पण दमेकऱ्यासारखी. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं आणि ढकलायचं. हे बंब करण्यात हुशार म्हणजे स्टँडामागच्या पत्र्याच्या शेडमधला नबीलाल मिस्त्री. बुटकीचं इंजिन उघडायची परवानगी साऱ्या जिल्ह्यात त्या एकट्याला होती.

“नबीलाल, सगळ्यांच्या गाड्या कोळसा खातात,” आई त्याला चहा देता देता म्हणाली होती. “आमच्या सवतीनंच काय पुण्य केलंय? तिलाही घाल की खायला. नखरा उतरेल.”

“बाईसाब, नव्या नवरीच्या पाठीवर पखाल बांधायला सांगताय,” नबीलाल म्हणाला. “ये हात तुटंल माझा, पर ते काम न्हाय व्हायचं.”

अण्णा हसून हसून लाल झाले होते.

त्यांनी आपली वेगळीच रीत बसवली. महिनाभर ते अदालतीत पायी जात, खेड्यातल्या पक्षकाराकडं जायचं तर बैलगाडीनं. कुपनांचं सगळं पेट्रोल साठवत, आणि महिन्यातला एक रविवार धरून बुटकी बाहेर काढत. धाराशिवाहून तुळजापूर, तिथून घाट उतरून थेट सोलापूरच्या अंगाला निजामाची हद्द संपते त्या नाक्यापर्यंत, आणि परत. परत येताना टाकी कोरडी करूनच आणायची. कारण उन्हाळ्यात टाकीतलं पेट्रोल उडून जातं, आणि न उडालं तर सरकारी कामाची चिठ्ठी घेऊन कुणीतरी नळी लावायला येतं. एकदा आलं होतं. घरात शिल्लक म्हणून फक्त एक गॅलनचा पत्र्याचा डबा, तो गाडीच्या मागच्या खणात. अडीनडीला.

त्रेचाळीसच्या फेब्रुवारीतल्या रविवारी लीला सतरा वर्षांची होती. अण्णांनी तिला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं, “ह्या खेपेला नाक्यापासून घरापर्यंत तू. मी हात लावणार नाही.” त्या महिन्यात तिनं जेवताना पाटावर बसून डावा पाय कितीदा जमिनीवर दाबला असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

पहाटे ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा आई चुलीपुढं दुमडून बसली होती. दशम्या बांधून तयार होत्या. तिच्या कपाळावर घाम होता आणि उजवा हात पोटाच्या खालच्या बाजूला घट्ट दाबलेला.

“काय होतंय, आई?”

“रात्रीपासून दुखतंय गं. असं कधी दुखलं नव्हतं. दोनदा उलटी झाली.” मग लीलेचा चेहरा बघून ती म्हणाली, “त्यांना सांगू नकोस. महिन्यातला एक दिवस असतो त्यांचा. तुझाही आहे आज. जा. ओव्याचं पाणी घेतलंय, उतरेल.”

लीला उभी राहिली. बाहेर अण्णा गाडीवरची खोळ काढत होते आणि तोंडानं शीळ घालत होते. एक हाक मारली असती तर शीळ थांबली असती. लीलेनं दशम्यांची पुरचुंडी उचलली आणि ती म्हणाली, “बरं.”

त्या फेरीत काय काय झालं ते पुढं चार वर्षं त्या घरात कुणी बोललं नाही. आत्ता एवढंच सांगायला हवं, की परतताना घाट चढून तुळजापूरच्या माथ्यावर आल्यावर लीलेनं गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, “अण्णा, अजून एकदा?” अण्णांनी टाकीत काठी घालून पाहिली, मग मागच्या खणातला डबा काढून टाकीत ओतला. घाट पुन्हा उतरला, पुन्हा चढला. अकराच्या सुमाराला बुटकी घरापुढं उभी राहिली तेव्हा तिच्यात पाच मैलांपुरतंही पेट्रोल उरलं नव्हतं.

आई माजघरात आडवी होती. अंग भाजत होतं. ओल्या फडक्याच्या घड्या ठेवून दोन तास गेले. मग ती ओरडली, आणि आई ओरडते हे लीलेला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी पोटाला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

“अपेंडिक्स. पोट उघडावं लागेल. इथं ते होत नाही. सोलापूरला न्या, आणि आत्ता न्या. तुमची तर मोटार आहे.”

अण्णा तसेच बाहेर गेले. त्यांनी टाकीत पुन्हा काठी घातली. तळाशी फक्त टोक ओलं झालं. पंपवाला लग्नाला बार्शीला गेला होता आणि किल्ल्या त्याच्याच कनवटीला. तालुकदारसाहेब दौऱ्यावर, मोटार त्यांच्याबरोबर. अण्णा भर उन्हात टोपीशिवाय धावत होते. गावानं आपल्या वकिलाला धावताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी बसप्पाची बस मिळाली. तिची पाळी दुसऱ्या दिवशीची होती, पण बसप्पा अर्ध्या भाकरीवरून उठला आणि बंब पेटवायला लागला.

“चल बाबा, चल लवकर,” अण्णा भाता हिसकावून घेत म्हणाले.

“वकीलसाहेब, म्या करतो. तुमी बाईंपाशी बसा. ह्याला घाई कळत न्हाय ओ. कोळसा धरंल तवा धरंल.”

बस निघाली तेव्हा साडेचार झाले होते. दोन बाकांवर फळी टाकून आईला निजवलं होतं, तिचं डोकं लीलेच्या मांडीवर. सकाळी पंचवीस मिनिटांत झालेलं तुळजापूर दीड तासानं आलं. माथ्यावरून घाटात वळताना खिडकीतून खाली रस्ता दिसला. मऊ धुळीत बुटकीच्या टायरांचे माग होते. एकावर एक, जाताना-येतानाचे, वळणाच्या बाहेरच्या कडेला सुरेख झुकलेले. दिवसभरात दुसरी मोटार तिथून गेलीच नव्हती. लीलेनं मान वर केली तर अण्णाही तिकडंच पाहत होते.

नाक्यावरचा शिपाई सकाळचाच. अडसर वर करताना त्यानं आत डोकावलं आणि मोठ्यानं म्हणाला, “अरे, वकीलसाब! सुबह तो हवेसारखे आला होता. आता ह्या खटाऱ्यात?” मग त्याला फळीवरचं माणूस दिसलं.

सोलापूरला आई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. शस्त्रक्रिया झाली होती. हात धुऊन आलेले सर्जन अण्णांना एवढंच म्हणाले, की काल दुपारपर्यंत आणलं असतं तर प्रश्न नव्हता. अण्णांनी मान हलवली, अदालतीत न्यायाधीशाचं म्हणणं ऐकून हलवावी तशी.

चौदाव्या दिवशी त्यांनी बुटकी ढकलत नबीलालच्या शेडपर्यंत नेली. लीला मागून ढकलत होती.

“हिला बंब बसव,” अण्णा म्हणाले.

नबीलालनं हातातला पाना खाली ठेवला. “साब, बसा. च्या मागवतो.”

“चहा नको. बंब बसव. मागचं सगळं कापावं लागेल ते काप.”

“साब, तुमचं दुःख मला कळतंय. पर गाडीनं काय केलं? हिची शेपूट कापली तर पुन्यांदा असं पत्र्याचं काम ह्या मुलखात कोन करनार न्हाय. म्या बी न्हाय.”

“नबीलाल, तू नाही कापलंस तर मी कुऱ्हाड आणून कापीन. मला ते नीट जमणार नाही.”

नबीलालनं कापलं. तीन दिवस लागले. काम करताना त्यानं शेडच्या दाराला पोत्याचा पडदा लावला होता. पडदा बाजूला झाला तेव्हा बुटकीच्या निमुळत्या पाठीवर काळा बंब उभा होता आणि छपरावरून एक जाड नळी आतडं लोंबावं तशी पुढं गेली होती. नबीलालनं मजुरी घेतली नाही. “ह्या कामाची न्हाय घेनार,” एवढंच म्हणाला.

तिथून अण्णांचा दिवस बदलला. पहाटे उठून ते कोळसा चाळत, भुकटी वेगळी काढत, गाळणीतली राख झाडत, बंब पेटवून अर्धा तास भाता मारत. बोटांच्या रेषांत शिरलेला काळा रंग अदालतीतही जात नसे. पक्षकारांना कागद देताना त्यावर ठसे उमटत. मग ती गाडी घेऊन ते निघत. ताशी पंधरा मैल, चढाला आठ. ससाण्याच्या इंजिनाला ती चाल सोसत नव्हती. ते कण्हायचं, गचके द्यायचं. अण्णा ऐकायचे आणि तशीच चालवायचे. लीलेनं पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. त्यांनी कधी लाव म्हटलं नाही.

गावात कुणाचं पोट दुखलं, कुणी बाळंतीण अडली, की माणूस आधी वकिलांच्या दारात येई. अण्णांनी बार्शीला नेलं, सोलापूरला नेलं. बेंबळीहून, येरमाळ्याहून आणलं. लोक त्यांच्या पाया पडू लागले. ते त्यांना सोसत नसे. बेंबळीची हुसेनबी, जिच्या सुनेला त्यांनी वेळेवर पोचवलं होतं, ती नातवाला घेऊन आली आणि अंगणात उभी राहून म्हणाली, “वकीलसाब, तुमी माणूस न्हाय, फरिश्ता हाय.” अण्णा उठून मागच्या दारी निघून गेले. हुसेनबी लीलेला म्हणाली, “काय चुकलं का गं माझं, माय?”

लढाई संपली, कुपनं सैल झाली, बसवाल्यांनी बंब भंगारात काढले. नबीलाल स्वतःहून आला. “साब, आता काढू का? शेपूट न्हाय येनार पहिल्यावानी, पर झाकीन कायतरी.” अण्णा म्हणाले, “राहू दे.” तोवर त्यांना खोकला लागला होता. शेहेचाळीसच्या दिवाळीत कफात काळं पडू लागलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि लीलेला बाजूला घेऊन सांगितलं, “धूर थांबवा. नाहीतर ह्यांची छाती पुढचा पावसाळा काढणार नाही. माझं ते ऐकत नाहीत. तुम्ही काही सांगून बघा.”

लीला तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होती. घरात कपाटभर पुस्तकं होती आणि ती बहुतेक तिनं दोनदा वाचली होती. पण सांगायचं ते एकच होतं, आणि ते कुठल्या पुस्तकातून उचलता येणार नव्हतं. आईला दुखत होतं हे मला निघण्याआधी ठाऊक होतं. हे कळलं तर अण्णा कदाचित भाता खाली ठेवतील. इतकी वर्षं ते ज्याची शिक्षा एकटे भोगतायत त्यात दुसराही वाटेकरी आहे, हे त्यांना कळेल. आणि हे कळलं की आपण त्यांच्या नजरेतून उतरू. अण्णांना आता जगात आपल्याशिवाय कुणी नाही. तेही उरणार नाही. रोज सकाळी भात्याचा आवाज सुरू झाला की ती दारापर्यंत येई. रोज सकाळी शाळेची वेळ होई.

सत्तेचाळीसच्या जानेवारीत एका सकाळी भात्याचा आवाज मध्येच थांबला. ती बाहेर गेली. अण्णा भात्यावर ओणवे होऊन श्वास शोधत होते. तिनं त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. ते चाळण ओढून पुन्हा कोळसा चाळायला लागले.

“अण्णा, त्या दिवशी आईनं मला सांगितलं होतं.”

चाळण चालूच राहिली.

“काय सांगितलं होतं?”

“दुखतंय म्हणून. आपण निघायच्या आधी. स्वयंपाकघरात. तुम्हाला सांगू नको म्हणाली.”

“उलटी झाली होती?”

“दोनदा.”

“ताप?”

“हात लावून नाही पाहिला. घाम होता.”

“तुला कळलं होतं, साधं दुखणं नाही म्हणून?”

लीलेला खोटं बोलता आलं असतं. “कळलं होतं,” ती म्हणाली. “मला गाडी चालवायची होती.”

अण्णांनी चाळण खाली ठेवली. हात धोतराला पुसले. काळे पट्टे उमटले. तिच्याकडं न बघता ते म्हणाले, “हे सांगायला नको होतंस.” आणि आत गेले.

त्या दिवशी बंब पेटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला जे हवं होतं ते झालं होतं. धूर थांबला होता. पण भात्याबरोबर अण्णांचं बाकीचंही सगळं थांबलं. अदालतीत जाणं बंद. जेवण समोर ठेवलं तर दोन घास. तिनं विचारलं तर हो-नाही. कुणी रोगी घेऊन आलं तर ते म्हणत, “गाडी बंद आहे.” तेव्हा तिला उमगलं, की ती शिक्षाच त्यांना रोज पहाटे उठवत होती. गुन्हा आपला एकट्याचा आहे, पोरीचा त्यात हात नाही, ह्या एका गोष्टीच्या आधारावर ते चार वर्षं भाता मारत होते. तिनं तो आधार काढून घेतला होता.

आठव्या दिवशी त्यांना ताप भरला. डॉक्टर येऊन गेले आणि लीलेला त्यांनी काही सांगितलं नाही. तिनं शाळेत रजा टाकली. माजघरातल्या त्याच जागी अण्णांचं अंथरूण होतं. दुपारी ती पेज घेऊन बसली होती. अण्णांचे डोळे मिटलेले. तिला वाटलं, झोपले.

“नाक्यापासून तू निघालीस,” अण्णा म्हणाले. “निघताना गियर कुठला होता?”

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

“पहिला.”

“आणि निवडून कुठला ठेवला होतास?”

“दुसरा.”

“हं. पिंपळापाशी पेडल दाबलंस. एकदाच, तळापर्यंत. मी वाट बघत होतो, आता लाथ बसेल म्हणून. नाही बसली.” ते थोडं थांबले, श्वास गोळा केला. “मी डोळे मिटून घेतले होते. तुला वाटलं असेल, अण्णा भ्यायले.”

“मला वाटलं, झोप लागली.”

“वेडी आहेस. कान लावून बसलो होतो. ती जी बारीक गुणगुण असते ना तिसऱ्या गियरात, ती मी चालवताना मध्येमध्ये तुटते. तुझ्या हाती नाही तुटली. सरळ रस्ता लागला तेव्हा काटा कुठं होता?”

“बासष्टावर.”

“पासष्ट. मी एक डोळा उघडून बघितलं.”

लीला हसली की रडली ते तिला कळलं नाही. तिनं पेज खाली ठेवली.

“दोन्हीकडं करडई होती,” ती म्हणाली. “पिवळी. इतकी खाली बसल्यामुळं मधून गेल्यासारखं वाटत होतं.”

“घाटाच्या तिसऱ्या वळणावर बैलगाडी.”

“ती मला आधी दिसली होती. म्हणून मी दांडी आधीच दुसऱ्यावर आणली.”

“आधीच आणलीस, ते मी पाहिलं. तिथं मला कळलं, की आता हिला शिकवण्यासारखं माझ्याकडं काही नाही. मला जन्मात कुणी असं नेलं नव्हतं, लीले. त्या गोऱ्या साहेबानंही नाही. तुला तेव्हाच सांगणार होतो. घरी गेल्यावर, तुझ्या आईसमोर सांगायचं, म्हणून ठेवून दिलं.”

बाहेर अंगणात चाळण पडली होती तिथंच होती.

“माथ्यावर मीच म्हटलं होतं, अजून एकदा,” लीला म्हणाली.

“तू म्हणालीस. डबा मी ओतला. मागणं वेगळं, ओतणं वेगळं. वकिलाशी वाद घालू नकोस.” त्यांना खोकला आला. ती पाठीवर हात फिरवत राहिली. खोकला बसल्यावर ते उताणे झाले आणि पुन्हा डोळे मिटले. “दुसऱ्यांदा घाट पहिल्यापेक्षा चांगला चढलीस. चल. माथ्यावरून पुढं चल.”

ती चालली. माथ्यावरचा वारा, धाराशिवकडचा लाल मुरमाचा रस्ता, मैलाचे दगड, बाभळीखाली शेळ्या सोडून उभा राहिलेला माणूस आणि त्यानं उचललेला हात. जिथं ती विसरली तिथं अण्णांनी भरलं. जिथं अण्णांचा श्वास पुरला नाही तिथं तिनं. चार वर्षं हा रस्ता दोघांनी आपापल्या मनात बंद करून ठेवला होता, आणि त्यातला एक दगडसुद्धा जागचा हलला नव्हता.

“भोगावतीचा पूल,” ती म्हणाली. “आता उजवीकडं वळलं की आपली गल्ली. मी दांडी—”

अण्णांनी अंथरुणावरून हात वर केला, तळवा तिच्याकडं. बोटांच्या रेषा अजून काळ्या होत्या.

“थांबव,” ते म्हणाले. “पुढं नको.”

तिनं थांबवली.

त्यानंतर अण्णा नऊ दिवस होते. रोज दुपारी दोघं नाक्यापासून निघत. कधी करडईऐवजी त्यांना जवस दिसे, कधी काटा अडुसष्टावर जाई. लीलेनं वाद घातला नाही. आणि रोज पुलापाशी तो हात वर होई. दहाव्या दुपारी ती अंथरुणापाशी येऊन बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “पहिल्यात आहे, अण्णा. दुसरा निवडून ठेवलाय. दाबू?”

ती बराच वेळ थांबली. मग हळूच तिनं तो हात त्यांच्या छातीवर ठेवला.